पाठमोरे मास्तर

भाऊबीज आटोपली की आमच्या लाखांदूर तालुक्यात कुणाच्याही घरी जा, पाण्याचा गडवा हातात देतादेताच विचारतील, 'तुमच्या गावची मंडई कवा हाय वो? नाटक कोनतं आनलं?' फराळाची चौकशी नाही, नव्या साडीची नाही. मंडई आणि नाटक!

लांबच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगायला हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतला धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली की इथे गावोगाव मंडई भरते. सगळीकडे एकाच दिवशी नाही. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा गोवारी मंडळी मोरपिसांच्या ढाली नाचवत येतात. दुकानं लागतात, उकडलेले शिंगाडे, जिलेबी, मुरमुरे. लेकी माहेरी येतात, पोरी दाखवणं, सोयरिकी जुळवणं, सगळं तिथेच. आणि रात्री नाटक. रात्री म्हणजे अक्षरशः रात्रभर. दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक संपतं तेव्हा कोंबडं आरवून गेलेलं असतं. असा हा हंगाम होळीपर्यंत चालतो. आमच्या तालुक्याला लागून असलेलं वडसा, म्हणजे कागदोपत्रीचं देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं माहेरघर. गावातली पोरं वर्गणी करून तिथे जातात, नाटक ठरवतात, मंडप घालतात, तिकिटं लावतात. टीव्ही आला, केबल आली, मोबाइल आला, तरी लोक तिकीट काढून थंडीत बसतातच.

मी मात्र यातली नव्हे हो! मी नागपूरची. धनवटे रंगमंदिरात वडिलांचा हात धरून नाटकं पाहिलेली, तीन अंकांत आणि तीन तासांत आटोपणारी. १९८६ साली लग्न होऊन या गावात आले आणि त्याच दिवाळीनंतर सासूबाईंनी फर्मान सोडलं, 'आज रांधनं लवकर आटप. नाटकाले जाचं हाय.' मंडपात गेले तर काय, जमीन उतरती खोदलेली, त्यावर तणस अंथरलेलं. पुढे खुर्च्या मानकऱ्यांना, मागे तणसावर आम्ही बाया, लेकरं, गोधड्या, कुणाकडे शेकायला निखाऱ्यांची शेगडीसुद्धा. पडदा उघडला आणि मला हसूच आवरेना. विंगेतला प्रॉम्प्टर इतक्या मोठ्यानं संवाद सांगत होता की प्रत्येक वाक्य आम्हाला दोनदा ऐकू येत होतं, एकदा त्याच्या तोंडून, एकदा नटाच्या! (रोज वेगळं गाव, पुष्कळदा वेगळं नाटक, आणि त्या काळी निम्म्या भूमिका गावातलेच हौशी लोक करायचे. प्रॉम्प्टर नसता तर नाटक उभंच राहिलं नसतं, हे शहाणपण मला पुढे आलं.) नव्या नवरीनं तोंडाला पदर लावला होता म्हणून बरं. लोकांना वाटलं, लाजतेय.

मध्यरात्र उलटून गेली असेल. रंगमंचावर एक बाई नवऱ्याची वाट बघत गाणं म्हणत होती. आणि जनरेटर बंद पडला. फट्‌कन अंधार. माईकही गेला. नागपूरच्या सभागृहात अशा वेळी शिट्ट्या पडल्या असत्या. इथेही दोनचार पडल्या. पण ऑर्गन थांबला नाही. त्याला कुठे वीज लागत होती! रंगमंचापुढच्या खड्ड्यात, जिथे साथीदार बसतात, तिथून तो सूर तसाच येत राहिला. तबला एक क्षण चाचपडला आणि मग तोही आला. आणि त्या बाईंनी माईकशिवाय आवाज लावला. शिट्ट्या आपोआप बंद झाल्या. रडणारी लेकरंसुद्धा गप्प झाली, की मला तसं आठवतं, कोण जाणे. पाचसात मिनिटांनी कुणी पेट्रोमॅक्स आणला तेव्हा पहिल्यांदा उजेड पडला तो खड्ड्यात. मला दिसली एक पाठ. मफलर गुंडाळलेली मान, किंचित वाकलेला डावा खांदा.

त्या रात्रीपासून मी त्या पाठीची चाहती झाले.

ऑर्गन मास्तर. साथीदारांचं तोंड रंगमंचाकडे, म्हणजे आमच्याकडे पाठ. नटांचे फोटो पोस्टरवर, नट्यांची नावं ठळक, साथीदारांची एका ओळीत खाली. पण ही माणसं उठून गेली तर नाटकाचा प्राण गेला. इथे नाटकात गाणी असतातच, पण त्यापलीकडे दार उघडलं तर सूर, खलनायक आला तर सूर, सासूनं टोमणा मारला तर तबल्याची थाप! कुठे सूर सोडायचा, कुठे नटाला वाक्य आठवेपर्यंत चार मात्रा जास्त वाजवायच्या, हे सगळं आयत्या वेळी. नट चुकला की मास्तर पूल बांधतात आणि प्रेक्षकाला वाटतं, काय मुरलेला नट आहे!

आणि वाद्य कुठलं, तर पायपेटीचा ऑर्गन. बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांडे जो वाजवत त्याच घराण्यातलं हे वाद्य. संगीत नाटकाचा काळ ओसरला तसा पुण्या-मुंबईकडे तो ऑर्गनही एखाद्या खास प्रयोगापुरता उरला. आमच्याकडे मात्र तो मॅटॅडोरच्या टपावर दोरीनं बांधून गावोगाव फिरत राहिला, दव पीत, धूळ खात. दोन्ही पायांनी भाता हलवत राहायचं तेव्हा आत हवा खेळते आणि हात सुरांसाठी मोकळे राहतात. म्हणजे रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत माणूस बसल्या जागी चालतच असतो. शिलाई मशीन चालवणाऱ्या बायांना हे लगेच कळेल.

पुढच्या वर्षी मला कळलं की तेच मास्तर शेजारच्या गावच्या मंडईत येणार आहेत. जाऊबाईंना पटवलं, बंडी जुंपली, गेलो. मग हे दरवर्षीचंच झालं. नाटक कोणतं, कंपनी कोणती, मला काही देणंघेणं नसे. मास्तर ज्या कंपनीत ती कंपनी माझी. सासूबाई म्हणायच्या, 'कायले जातेस वो इतक्या लांब? रातभर डोरे फोडाले?' डोळ्याला डोरा, पाण्याला पानी. मी नागपूरची मास्तरीण (होय, बीएड झाले होते) त्यांना सुधारायला जायची! साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या झाडीबोलीचा आणि आमच्या दंडारीचा ग्रंथांतून अभ्यास मांडला, तो वाचल्यावर उमगलं की सासूबाई चुकत नव्हत्या. त्यांच्या बोलीत 'ळ' नाहीच. चुकत मीच होते. पण हे विषयांतर झालं.

बक्षिसाची गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे गाणं आवडलं की लोक बक्षीस पाठवतात. नाटक चालू असतानाच माईकवरून पुकारा होतो, 'अमुक अमुक यांच्याकडून अकरा रुपये बक्षीस, मंडळ आभारी आहे!' मग टाळ्या. १९८७ साली मी माहेरच्या ओवाळणीतले अकरा रुपये आमच्या ह्यांच्या हातात दिले. म्हटलं, ऑर्गन मास्तरांना पाठवा, माझ्या नावानं. हे नुसते बघतच राहिले. सुनेचं नाव मायकावर? नाटकवाल्या बाप्याला बक्षीस? गावात काय काय बोलतील! शेवटी पुकारा झाला तो ह्यांच्या नावानं, आणि तोही 'सिनेतारकेच्या तोडीच्या नायिकेला'. माझे अकरा रुपये गेले भलत्याकडेच. मी महिनाभर रुसले होते. हे अजून म्हणतात, माईकवाल्यानंच घोळ केला. असेलही.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मी कुणाला फारशी सांगितलेली नाही.

१९९१ची मंडई. कंपनीची गाडी दुपारीच आली. पुरुष मंडळी शाळेच्या वऱ्हांड्यात उतरली. संध्याकाळी आमच्या मागच्या दाराशी एक बाई आल्या. साधी सुती साडी, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. 'ताई, आंघोळीले थोडं गरम पानी भेटल का? अन् आडोसा असला तं बरं होईल.' आवाजावरून मी ओळखलं. पाच वर्षांपूर्वी अंधारात गायलेल्या त्याच बाई! मी कणीक मळत होते. उठणार तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. 'आमच्या घरी देवधरम हाय बाई. तिकडे विहिरीवर जा.'

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कणकेकडे पाहिलं.

बस, एवढंच. त्या गेल्या. नोव्हेंबरची संध्याकाळ, उघड्यावरची विहीर, आणि सारं गाव नाटकवाल्या बाईला बघायला टपलेलं. त्या रात्री त्यांची भूमिका होती सोशिक सुनेची, जिला सासू घराबाहेर काढते. आमच्या सासूबाई माझ्या शेजारी तणसावर बसून हुंदके देत होत्या. 'कशी हाय वो ते सासू, रांड!' मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ऑर्गन मात्र तस्साच वाजत होता. ती पाठ तेवढी वाकलेली.

सासूबाईंना मी दोष देऊन मोकळी होऊ शकते, पण तसं नाही ते. पूर्वी दंडारीत, नाटकात बायांची कामं पुरुषच करत. मग नागपूरहून, इकडून तिकडून नट्या येऊ लागल्या. गावानं त्यांना रंगमंचावर डोक्यावर घेतलं आणि खाली उतरल्या की उंबऱ्याबाहेर ठेवलं. सिंधू म्हणून जिच्यासाठी रडायचं, तिला तांब्याभर पाणी द्यायचं नाही. आणि मी? मी तर पदवीधर. मी त्यांची चाहती! चाहतीचं प्रेम दहा पावलं लांबून, अंधारात, फुकटात असतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि ते मी पुष्कळ वर्षं विसरण्याचा प्रयत्न केला.

त्यानंतर दोन हंगाम त्या आल्या, मग दिसेनाशा झाल्या.

वर्षं जात राहिली. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, पण नाटकाच्या गाड्यांना असल्या सीमा कुठल्या! कॅसिओ आला, मग ऑक्टोपॅड आला. मधल्या काळात हंगामा डान्सचं खूळ शिरलं. नाटक चाललंय शेतकऱ्याच्या दुःखाचं आणि मध्येच लाल-निळे दिवे लावून सिनेमाच्या गाण्यावर नाच. मला मुळीच आवडत नाही. मंडळातली पोरं म्हणतात, 'काकू, डान्स नसला तं तिकीट खपत नाही.' खरंही असेल, कारण त्या तिकिटांवरच मास्तरांचं मानधन निघतं. अशा वेळी मास्तर हात मांडीवर ठेवून बसायचे. कॅसिओवाला पोरगा धुमाकूळ घालायचा. नाच संपला की मास्तर एकच सूर धरायचे, खालचा, लांब. त्या एका सुरानं मंडप पुन्हा नाटकात यायचा. मी हे इतक्यांदा पाहिलंय की त्या सुराची वाट पाहतच नाच सहन करायचे.

नाटकंही बदलली. 'एकच प्याला', 'लग्नाची बेडी' इथे वर्षानुवर्षं होत होतीच. पण इथल्या मातीतले लेखक इथल्या माणसांचं लिहू लागले. नवरगावच्या सदानंद बोरकरांचं 'आत्महत्या' पाहिलं तेव्हा मंडपातल्या बाया रडल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. गोधडी तोंडाशी धरून नुसत्या बघत होत्या. पुढे २०१७ साली आमच्या भागात धानावर तुडतुडा पडला, उभी शेतं जळाल्यासारखी झाली, तेव्हा मला त्या बघणाऱ्या बायांचे चेहरे आठवले. त्या वर्षी आमच्या गावानं नाटक आणलं नाही. मंडईच्या रात्री नऊ वाजता गाव झोपलं. किती विचित्र वाटलं म्हणून सांगू!

आणि मग २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दिवाळीनंतर मंडयाही नाहीत. एक अख्खा हंगाम गेला. कलाकारांतले बरेच जण एरवी शेतकरी किंवा शेतमजूरच असतात. धान निघालं की चेहऱ्याला रंग, होळी झाली की पुन्हा माती. पण नाटकाचा पैसा म्हणजे लेकीचं लग्न, दवाखाना, पोराची फी. २०२१च्या जानेवारीत मुलाबरोबर कामानिमित्त वडश्याला गेले. नाटक कंपन्यांच्या ऑफिसांवर पोस्टरं होती, मागच्या हंगामाची, ऊन खाऊन पांढरी पडलेली. चहाच्या टपरीशी बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, रस्त्याकडे पाठ करून. मफलर. वाकलेला डावा खांदा.

मुलगा म्हणाला, 'आई, कुठे चाललीस?'

पस्तीस हंगामांत पहिल्यांदा मी मास्तरांचा चेहरा समोरून पाहिला. अगदीच साधा चेहरा हो! शेजारच्या घरातले काका असावेत तसा. मी भडाभडा बोलत सुटले. १९८६ची मंडई, जनरेटर, अंधार, तो ऑर्गन. ते ऐकत होते. मग म्हणाले, 'असं झालं असल बाई. जनरेटर तं दर चार दिवसांनी बंद पडे. तुमचं कोनतं गाव?'

झालं! माझ्या आयुष्यातली ती रात्र त्यांच्या दृष्टीनं दर चार दिवसांची. पण मग चहा पिताना आपणच बोलले. ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडलाय, दुरुस्त करणारा माणूस आता जवळपास राहिला नाही. गुडघे गेले. 'रातभर पाय हालवून हालवून मी इतका चाललो ना बाई, की नागपूरले जाऊन वापस आलो असतो दहा खेपा.' घरचे म्हणतात, आता कॅसिओ घ्या. 'पन कॅसिओले पाय नाई,' असं म्हणून ते हसले.

मी धीर करून त्या बाईंचं विचारलं. मास्तरांना नेमक्या आठवल्या. 'तिनं पोरीले नर्स केलं. नागपुरात राहते. नाटकाचं नाव काढत नाई आता.' मी विहिरीची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. मास्तर थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, 'त्या राती तिले ताप होता. गानं एक सूर खाली घेतलं होतं आम्ही.' बाकी काही बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, पाच वर्षं पाठीमागे बसून ऐकणाऱ्या चाहतीला तो उतरलेला सूर कळला नव्हता.

२०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात चौकात फटाके फुटले. त्याआधी २०२२ मध्ये तृशांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' सिनेमाही या रंगभूमीवर आला होता. पुण्याची भाची फोन करून विचारायला लागली, 'मामी, तुमच्याकडे असं असतं? कधी बोलली नाहीस!' गेली कित्येक वर्षं हेच तर बोलतेय बाई, ऐकतं कोण!

त्याच वर्षीच्या मंडईला मास्तर आमच्या गावात आले होते. आता पूर्ण रात्र वाजवत नाहीत. नांदी आणि पहिला अंक, मग त्यांचा पुतण्या बसतो की-बोर्डवर. भाता दुरुस्त झालाय, कुणीतरी सायकलच्या ट्यूबचं रबर लावून जमवलंय म्हणे. नांदी संपली तशी मी स्वतः उठून माईकवाल्याकडे गेले. पाचशे एक रुपये दिले. म्हटलं, कागदावर लिहून घे, घोळ नको. माझं पूर्ण नाव माईकवरून पुकारलं गेलं, पुढे 'ऑर्गन मास्तरांना'. टाळ्या पडल्या. आमचे हे गोधडीतून म्हणाले, 'झालं का समाधान?' मास्तरांनी मात्र मागे वळून पाहिलं नाही. वाजवताना ते पाहत नसतातच.

आणि हो, त्या दिवशी दुपारी कंपनीची गाडी आली तेव्हा मी न्हाणीघर धुऊन ठेवलं होतं, गिझर लावून ठेवला होता, दोन नवे टॉवेलसुद्धा काढले होते. सासूबाई जाऊन आता बारा वर्षं झाली. संध्याकाळी मागच्या दाराशी एक पोरगी आली, जीन्स घातलेली, केस मोकळे, असेल बावीस-तेवीसची. तीच त्या रात्रीची नायिका. मी लगबगीनं पुढे झाले. म्हटलं, ये ये, पाणी गरम आहे.

'आंघोळ झाली काकू, तालुक्याला लॉजवर थांबलोय आम्ही,' ती म्हणाली. 'तुमच्याकडे सी टाइपचा चार्जर आहे का?'